चित्र बरोबर येतं, पण भिडत नाही

प्रश्न विचारणारा तरुण कोल्हापूरचाच आहे. कलाशिक्षण संपलंय, तैलरंगात पोर्ट्रेट करतो, ऑर्डरीही मिळतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "लाइकनेस येतो, म्हणजे चेहरा हुबेहूब जमतो, ड्रॉइंग चुकत नाही, पण जाणकार म्हणतात, चित्रात भाव नाही. भाव आणायचा म्हणजे नेमकं काय करायचं? मन भरून आलेलं असतानाच रंगवायचं का? तुमचं चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं होतं ते सांगाल का? आणि ऑर्डरीची कामं सोडून द्यावीत का?"

मन भरून आलेलं असताना रंगवायचं का, हे आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. माझं उत्तर, नाही. रंगवायला हरकत नाही, पण त्याने चित्रात भाव येतो हा गैरसमज आहे. रागात असताना हात जड पडतो, रंग जास्त उचलला जातो, पॅलेटवर नीट मिसळायचा सोडून कॅनव्हासवरच कालवला जातो. चार दिवसांनी बघितलं तर राग कुठेच दिसत नाही, नुसता चिखल दिसतो. दुःखात तर बहुतेकांकडून काहीच होत नाही. जे होतं ते स्केचबुकातल्या चार रेघा, आणि त्या जपून ठेवायच्या असतात, लगेच कॅनव्हासवर चढवायच्या नसतात.

एडवर्ड मुंक हा नॉर्वेजियन चित्रकार भावनेचा चित्रकार म्हणून जगभर सांगितला जातो. त्याची बहीण सोफी १८७७ साली क्षयाने गेली, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. 'आजारी मुलगी' हे चित्र त्याने केलं १८८५-८६ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. तेही एका बैठकीत नाही. रंग लावला, खरवडला, परत लावला, ओल्या थरात ओरखडे काढले. पुढच्या चाळीसेक वर्षांत याच विषयाची त्याने एकूण सहा चित्रं रंगवली. आता त्या चित्रात काय आहे ते बघा. उशीला टेकलेली मुलगी, तिचा चेहरा बाजूने दिसतो, मागे उशीचा पांढरा. शेजारी बसलेल्या बाईने मान इतकी खाली घातलीय की तिचा चेहराच दिसत नाही. चित्रातलं सगळ्यात मोठं दुःख ज्या चेहऱ्यावर असायला हवं, तो त्याने दाखवलेलाच नाही. हा निर्णय रडत रडत होत नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातही भाव नुसता नाव घेऊन उभा राहत नाही. तो कशामुळे झाला आणि कशातून दिसला, ते रंगमंचावर आणावं लागतं. चित्रकाराला याच्या पलीकडे फार सिद्धांत लागत नाही.

आपल्या गावात यात एक जादाची अडचण आहे. कोल्हापूरची तैलचित्राची परंपरा नाटकाच्या पडद्यांजवळून आलेली आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री बंधू आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते, मग सिनेमाकडे गेले आणि बाबूरावांनी स्वतःच्या सिनेमांची पोस्टरंही रंगवली. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे, रस्त्यावरून जाणारा थांबला पाहिजे, अशी ती गरज होती, आणि त्या गरजेला ती माणसं पुरून उरली. पण तो मोठा आवाज अजून आपल्या हातात राहिलाय. 'भाव' म्हटलं की आपण भुवया चढवतो, डोळ्यात पाणी घालतो, मागे लाल आभाळ पेटवतो. चार फुटांवरून बघायच्या चित्रात ते ओरडल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचेच चित्रकार आबालाल रहिमान आहेत. शाहू महाराजांच्या निधनानंतर त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावाच्या पाण्यात सोडून दिली, अशी गोष्ट आपल्याकडे सांगतात. गोष्ट चटका लावणारी आहे आणि विद्यार्थ्यांना ती फार आवडते. पण भाव त्या गोष्टीत शोधू नका. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट यांची त्यांची निसर्गचित्रं जिथे बघायला मिळतील तिथे जवळ जाऊन बघा, आणि एकच गोष्ट तपासा: कड कुठे धारदार ठेवलीय आणि कुठे हवेत विरघळवलीय. रंकाळा तलावातल्या संध्यामठाचा दगड आणि भोवतीचं पाणी यांच्यामधली कड तर रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फुकट अभ्यासायला मिळते. मठ पाण्यात किती बुडालाय त्यावर ती दर महिन्याला बदलते.

आता माझं चित्र कसं होतं ते. सगळीच चित्रं एका पद्धतीने होत नाहीत, म्हणून एकाच चित्राचं सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर तुम्ही पाहिलाच असेल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. गणपती जवळ आले होते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मूर्ती भिजल्या. अर्ध्या रंगवलेल्या, रंग ओघळलेल्या, चिखलात पडलेल्या मूर्ती. त्या वर्षी माझ्या ओळखीच्या कितीतरी चित्रकारांना तो विषय सुचला, मलाही सुचला, आणि मी तो सोडला. कारण ते चित्र आधीच तयार होतं. भिजलेला गणपती म्हटल्याबरोबर बघणाऱ्याच्या मनात जे यायचं ते येऊन जातं, चित्रकाराला काही करायला उरत नाही. फोटोंनी ते काम आमच्यापेक्षा चांगलं केलं होतं.

माझ्या स्केचबुकात त्या महिन्यातल्या होड्या होत्या, दोरी धरून चाललेली माणसं होती, छपरावरची भांडी होती. आणि एका पानावर नुसती एक भिंत होती. पाणी उतरल्यावर एका ओळखीच्या घरी साफसफाईला गेले होते, तिथली. निळसर डिस्टेंपरची खोली, भिंतीवर पाण्याची रेघ, रेघेच्या वर एक खिळा. खिळ्यावर काही नव्हतं. ते पान मी पुढे कितीतरी दिवस उघडून बघत होते आणि दर वेळी होड्यांची पानं पटापट उलटत होते. विषय निवडायची माझी पद्धत हीच आहे. कशाने धक्का बसला ते विचारत नाही, कुठल्या पानावर परत येते ते बघते.

त्यानंतर काडेपेटीएवढ्या चौकोनात टोनचे, म्हणजे उजळ-गडदपणाचे, स्केच. तीनच टोन: गडद, मधला, उजळ. रंग नाही, बारकावे नाहीत. अशी दोन-तीन पानं भरतात. चित्राचा भाव नव्वद टक्के इथेच ठरतो असं मी मानते, आणि विद्यार्थी नेमका हाच टप्पा गाळतात, कारण त्यात मजा नाही. त्या भिंतीचे स्केच काढताना मला कळलं की रेघ कुठे ठेवायची हा एकच खरा प्रश्न आहे. प्रत्यक्षात ती माझ्या खांद्याइतकी होती. कागदावर मधोमध ठेवली तर चित्र दोन पट्ट्यांचं होत होतं, शांत, जवळजवळ सजावटीचं. खाली ठेवली तर पूर ओसरल्यासारखा वाटे. मग ती वर नेली, कॅनव्हासच्या वरच्या चौथ्या हिश्श्यात. आता समोर उभा राहणारा माणूस आपोआप रेघेच्या खाली येत होता. पाणी चित्रात कुठेच नाही, पण बघणारा त्यात आहे. हे खोटं होतं, मुद्दाम ठरवलेलं, आणि चित्रातला जो काही भाव आहे तो त्या खोट्यातून आलाय. माझ्या मनःस्थितीचा त्यात वाटा फारसा नाही; स्केच काढताना मी चहा पीत होते आणि रेडिओ चालू होता.

पांढऱ्या कॅनव्हासवर मी सुरुवात करत नाही. पांढऱ्यावर पहिला कुठलाही रंग गडदच दिसतो आणि टोनचा अंदाज चुकतो. यलो ऑकर या मातकट पिवळ्यात थोडं बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, भरपूर टर्पेंटाइन, आणि फडक्याने पुसून घेतलेला एक मळकट थर. या चित्रात तो थर रेघेच्या वर काही ठिकाणी तसाच उघडा ठेवलाय, जुन्या भिंतीचा पिवळेपणा म्हणून. पॅलेटवर चारच रंग होते: यलो ऑकर, कॅडमियम रेड, आयव्हरी ब्लॅक, टायटॅनियम व्हाइट. स्वीडनच्या अँडर्स झॉर्नच्या नावाने ही चार रंगांची पॅलेट ओळखली जाते. खोली निळी आणि पॅलेटवर निळा नाही, हे मुद्दाम केलं. काळ्यात पांढरा मिसळला की तो ऑकरच्या शेजारी निळा वाटतो. पण तो ट्यूबमधल्या निळ्यासारखा स्वतःहून बोलत नाही, शेजाऱ्यावर अवलंबून असतो. मला तसाच लागला होता, उसना.

पहिला थर पातळ, तेल जवळजवळ नाहीच. मग प्रत्येक थराला तेल थोडं वाढवायचं. हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, कारण कमी जणांना माहीत असतं. टर्पेंटाइन उडून जातं, पण जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि त्यात महिने जातात. खाली तेलकट थर ठेवून वर कोरडा थर दिला, तर वरचा आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो आणि तडे जातात. रंगांचेही स्वभाव वेगळे. अंबरमध्ये मँगनीज असतं, ते सुकायला मदत करतं, म्हणून अंबरचा पातळ थर एक-दोन दिवसांत हाताला लागत नाही. आयव्हरी ब्लॅक आणि ॲलिझरिन हा गडद लाल आठवडाभर चिकट राहू शकतात, आणि आपल्या जुलैत तर विचारूच नका. पावसाळ्यात सुती कॅनव्हास ढिला पडतो, मागच्या बाजूला बुरशी धरते, म्हणून भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे हवा खेळू द्या. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेटूही शकतात. पाण्याच्या डब्यात टाका.

हे सगळं भावाच्या प्रश्नात का सांगतेय? कारण या सुकण्यामुळेच तैलरंग हे माध्यम भावनेला उपयोगी पडतं. जलरंगात निर्णय हाताच्या वेगाने घ्यावा लागतो. तैलरंगात थर सुकेपर्यंत चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवावं लागतं. आठ-दहा दिवसांनी ते फिरवून बघता, तेव्हा ज्या मनःस्थितीत रंगवलं ती गेलेली असते. जे चित्रात उतरलं तेवढंच समोर असतं, आणि जे उतरलं असं तुम्हाला त्या दिवशी वाटलं होतं ते गायब असतं. तुमच्याकडे एका वेळी एकच कॅनव्हास चालू असेल तर हे होणार नाही, तुम्ही ओल्यावरच घासत बसाल. चार-पाच चित्रं एकदम चालू ठेवा.

भिंतीच्या चित्रात असं फिरवून बघितल्यावर दिसलं की रेघ आराखड्यातल्यासारखी झालीय. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी धारदार. पॅलेट नाइफने ती खरवडली. खरवडल्यावर जे मागे राहतं ते नव्याने लावलेल्या रंगापेक्षा नेहमीच जास्त जुनं, जास्त खरं दिसतं. कॅनव्हासच्या विणीत रंग अडकून राहतो आणि उंचवट्यांवरचा जातो. डावीकडे ती विझवली, वरचा निळसर आणि खालचा ओलसर करडा एकमेकांत जाऊ दिले. उजवीकडे खिळ्याच्या खाली मात्र वीतभर धारदार ठेवली. नजर तिथेच थांबते. खिळा आणि रेघ यांच्यातलं अंतर किती असावं यावर मी त्या चित्रातला सगळ्यात जास्त वेळ घालवला. खिळा आधी नीट रंगवला होता, त्यावर चमकही होती. ती चमक काढून टाकली.

दिवेलागणीला बल्ब न लावता चित्र बघायची मला सवय आहे. उजेड उतरतो तसे रंग आधी जातात, टोन मागे राहतो. त्या अंधारातही चित्राची रचना उभी असेल तर हात थांबवायचा. उरलेले बारकावे बहुधा आपल्या समाधानासाठी असतात.

ते चित्र प्रदर्शनात लागलं तेव्हा नदीकाठच्या पेठेतले एक वयस्कर गृहस्थ समोर उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्यात पाणी याच्या वर आलं हुतं." बस, एवढंच. चित्र कसं आहे वगैरे काही नाही. मला तो अभिप्राय चालतो.

रंगांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे उदासी, असे तक्ते विसरून जा. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर जा. माणसं, पायऱ्या, दगड, सगळं गुलालाने गुलाबी. तोच गुलाल आपल्याकडे अंत्ययात्रेतही उधळतात. गुलाल बदलत नाही, शेजार बदलतो. डोंगरावर त्याच्या शेजारी चैत्रातलं कोरडं ऊन, तापलेला पिवळट दगड, सासनकाठ्यांचे रंग. स्मशानाच्या वाटेवर पांढरे कपडे, राखाडी डांबर, आणि त्यात तेवढाच एक गुलाबी पट्टा. करड्यात टाकलेला तोच गुलाबी जास्त पेटतो आणि एकटा पडतो. शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला दिसतो, हे शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ सालीच सविस्तर लिहून ठेवलंय. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये रात्रीच्या कॅफेचं चित्र केलं, तेव्हा भावाला लिहिलेल्या पत्रात लाल आणि हिरव्यातून माणसाच्या भयंकर वासना दाखवायचा प्रयत्न केलाय असं सांगितलं. लाल आणि हिरवा, जोडी. नुसता लाल नव्हे. ज्याला आपण वेडा चित्रकार म्हणून ओळखतो, तो पत्रात रंगांचा हिशेब मांडत होता.

आता तुमची पोर्ट्रेट. तुम्ही पाठवलेली चार बघितली. चारही फोटोवरून केलीत, हे सांगावं लागलं नाही. फोटोत सावल्या बंद होतात, काळ्या पडतात, आणि सेकंदाच्या कुठल्यातरी तुकड्यातला चेहरा हाती लागतो. समोर बसलेला माणूस दोन तासांत दहा वेळा बदलतो. सुरुवातीला तो पोज देतो, अर्ध्या तासाने कंटाळतो, मग विसरतो की आपल्याला कोणी बघतंय. तुम्हाला तो तिसरा माणूस हवा असतो.

एखाद्या तालमीत जा, वस्तादांची परवानगी घेऊन दुपारी बसा. लहान खिडकीतून एकच उजेड येतो आणि आखाड्याच्या तांबड्या मातीवरून तो परत वर उसळतो. त्यामुळे हनुवटीच्या खाली, नाकपुडीच्या खाली, जिथे तुम्ही सवयीने बर्न्ट अंबर घालून मोकळे होता, तिथे ऊबदार तांबूस उजेड असतो आणि कपाळाच्या बाजूला खिडकीचा गार उजेड. फोटोत हे जवळजवळ येत नाही. म्हाताऱ्या पैलवानाचे मोडलेले कान रंगवायचा मोह होईल, कारण ते बघणाऱ्याला लगेच कळतात. ते शेवटी करा, आणि करायलाच हवेत असं नाही. आधी मानेचा कोन घ्या, खांदा किती खाली आलाय ते घ्या, गुडघ्यावर ठेवलेल्या हाताचं वजन घ्या. आधी नाक-डोळे न घालता पूर्ण चित्र करून बघा. चेहऱ्याच्या जागी नुसते टोनचे तीन-चार ठिपके. ते पाहून तुमच्या घरच्यांना माणूस थकलाय की ताठ बसलाय हे सांगता आलं, तर पुढे जा. नाही आलं, तर नाक-डोळे घालून ते येणार नाही.

आणि डोक्याच्या वर जागा सोडा. तुमच्या चारही चित्रांत डोकं वरच्या कडेला टेकलंय, पासपोर्ट फोटोसारखं. रिकामी जागा ही चित्रातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. रंगही कमी लागतो.

ऑर्डरीची कामं सोडू नका. इथे बहुतेक ऑर्डरी गेलेल्या माणसाच्या फोटोवरून येतात, आणि घरच्यांना चेहरा हसरा हवा असतो. द्या त्यांना हसरा. पण एक करा. फोटो घेताना विचारा की माणूस घरात कुठे बसायचा, टोपी घालायचा का फेटा, हातात काय असायचं, उजेड कुठल्या बाजूने यायचा. निम्म्या घरांत ती खुर्ची अजून तिथेच असते. तिचा स्केच करून आणा आणि पोर्ट्रेटमधला उजेड त्या खोलीतला घ्या, फोटो स्टुडिओतला नको. कॅनव्हास तोच, किंमत तीच, लाइकनेसही तोच, आणि तुमचा सराव वेगळा खर्च न करता होतो. स्वतःच्या चित्रांसाठी वेगळा इझल ठेवा, दोन्ही कामं एका पॅलेटवरून करू नका, ऑर्डरीचा गुळगुळीत ब्रश नकळत इकडे येतो.

ॲडव्हान्स हातात आला की त्यातून आधी चांगल्या प्रतीचं टायटॅनियम व्हाइट घ्या. पांढरा सगळ्यात जास्त संपतो आणि विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त ट्यूबमध्ये रंगद्रव्य कमी, भर जास्त असते. पॅलेटवरच्या प्रत्येक मिश्रणात तो जातो, त्यामुळे तिथे केलेली काटकसर सगळ्या चित्रभर दिसते. बाकी रंग सध्या आहेत तेच चालतील.